डबा घेण्याआधी यादी करा

मागच्या जूनमध्ये एका रात्री आमच्या घरातला नवा कोरा डबा नेमका गरजेच्या वेळी बंद पडला. डबा म्हणजे ज्याला दुकानदार 'पोर्टेबल पॉवर स्टेशन' म्हणतात तो. आत लिथियम बॅटरी, पुढे प्लगची भोकं, वर मूठ, सोबत घडीचं सोलर पॅनेल. भावाने कुवेतहून पैसे पाठवले, चुलतभावाने ऑनलाइन शोधून मागवला, आणि आठ दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवून झाला.

रात्री साडेअकराला वीज गेली आणि फुफीचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बंद झालं. तिची फुप्फुसं अर्धं आयुष्य चुलीपुढे काढून कमजोर झाली आहेत. डॉक्टरांनी रात्री ऑक्सिजन लावायला सांगितलाय. आम्ही मशीनची पिन डब्याला लावली. डब्याने एक लांब आवाज काढला, पडद्यावर लाल खूण आली आणि तो गप्प झाला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेला अब्बा म्हणाले, "ठेव तो डबा. गाडी बघ." शेजारच्यांची गाडी काढली, वाटेत पडलेली फांदी पोरांनी बाजूला केली आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचलो. फुफी आज बरी आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण तो पाऊण तास मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी डबा उलटा करून त्याची पट्टी वाचली: ३०० वॅट. कॉन्सन्ट्रेटरच्या मागची पट्टी वाचली: ३३० वॅट. बस्स, एवढंच कारण. मी शाळेत विज्ञान शिकवते. वॅट म्हणजे काय हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि माझ्याच घरात दोन पट्ट्या शेजारी ठेवून कुणी वाचल्या नव्हत्या. मीही नाही.

मला कुणी विचारलंही नव्हतं, हेही खरं. खरेदीची सगळी चर्चा भावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झाली. तिथे टीव्ही किती तास चालेल हे विचारलं गेलं, पंखा चालेल का, वाय-फाय चालेल का हेही. फुफी त्या ग्रुपवर नाही. अम्मा नाही. वीज गेल्यावर ज्यांचं सगळ्यात जास्त अडतं, त्यांना सोडून बाकी सगळ्यांनी मिळून डबा निवडला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. डबा कुठल्या कंपनीचा घ्यावा हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, वीज गेल्यावर आपल्या घरात आधी कुणाचं अडतं? त्या माणसाचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा. मग पुढचं गणित आपोआप सुटतं.

हा विषय चैनीचा नाही

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या दोस्तांना वाटेल, एवढं काय! तास-दोन तास वीज जाते, येते. आमच्याकडे रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याला तसं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा खांब, तारा, सुपारीच्या बागा, पत्रे सगळं एकाच दुपारी गेलं. वर कोविडची टाळेबंदी. गावोगावी कित्येक दिवस अंधार होता. मुलाने दुबईहून फोन केला तरी आईचा फोन बंद, आणि तिकडे तो रडकुंडीला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण-महाडमध्ये पाणी घरात शिरलं. तळमजल्यावर जिन्याखाली ठेवलेले इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या पाण्याखाली गेल्या.

तेव्हापासून आमच्या भागात, विशेषतः ज्या घरात खाडी देशातून पैसा येतो तिथे, हा डबा घेण्याची लाट आहे. लाट वाईट नाही. पण घाईत घेतलेली वस्तू संकटात फसवते, आणि तीस-चाळीस हजार रुपये म्हणजे परदेशात राबणाऱ्या कुणाच्या तरी महिन्याची बचत असते.

दोन आकडे, बाकी जाहिरात

डब्यावर बरेच आकडे छापलेले असतात. त्यातले दोन तुमचे.

पहिला वॅट. एका वेळी डबा किती ओझं उचलू शकतो हे त्यातून कळतं. दुसरा वॅट-अवर. डब्यात एकूण किती वीज साठते हे त्यातून कळतं. लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे १,००० वॅट-अवर. नळ आणि टाकी समजा: नळाची तोटी केवढी हे वॅट सांगतो, टाकीत पाणी किती हे वॅट-अवर सांगतो. आमच्या डब्याची टाकी ठीक होती, तोटी बारीक होती.

जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरांत 'एक लाख एमएएच' असं लिहिलेलं असतं. वाचून छाती दडपते. हा आकडा बहुतेक वेळा आतल्या लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेला असतो. १०० अँपिअर-अवर गुणिले ३.७, म्हणजे ३७० वॅट-अवर. आपल्या बिलावरच्या एका युनिटच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय बॅटरीतली डीसी वीज २३० व्होल्टची एसी करताना काही वाया जाते, साधारण १५ टक्के धरा. हातात राहिले ३१५ च्या आसपास. ज्या डब्यावर वॅट-अवर लिहिलेलेच नाहीत, तो मी घेणार नाही.

आणखी एक गोष्ट मोटरची. फ्रिज, मिक्सर, पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीपेक्षा कित्येक पट जोर मागतात. फ्रिज चालताना १५० वॅट घेत असेल, पण सुरू होताना तीन ते सात पटसुद्धा खेचतो. म्हणून डब्याचा 'सर्ज'चा आकडाही बघा. आणि 'प्युअर साइन वेव्ह' असं स्पष्ट लिहिलेलं असू द्या. स्वस्त डब्यांतून येणारी ओबडधोबड वीज बल्बला चालते. मोटरला आणि दवाखान्याच्या मशीनला ती मानवत नाही.

आमच्या घराची यादी

त्या रात्रीनंतर मी, अम्मा आणि फुफी वही घेऊन बसलो. वीज गेलेली एक रात्र डोळ्यांपुढे ठेवली आणि लिहीत गेलो.

फुफीचा नेब्युलायझर: १२० वॅट, पंधरा मिनिटं, तीन वेळा. झाले ९० वॅट-अवर. नऊ वॅटचे तीन एलईडी दिवे, पाच तास: १३५. चार फोन: ६०. फुफीच्या खोलीतला पंखा, आठ तास. जुना पंखा ७५ वॅटचा, म्हणजे एकट्याचे ६००. इथे आम्ही थांबलो. बाकी सगळं मिळून २८५ आणि एकटा पंखा ६००! नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे २४०. पंखा बदलायला जेवढे पैसे लागतात, त्यात बॅटरी ३६० वॅट-अवरने मोठी होत नाही. आधी पंखा बदला, मग डबा बघा. हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं, कारण त्याने छोटा डबा खपतो.

नव्या पंख्यासह बेरीज ५२५. वाया जाणारी वीज धरून ६२० च्या आसपास. म्हणजे आमच्या घराला ७०० वॅट-अवरचा डबा पुरतो.

आता कॉन्सन्ट्रेटर. ३३० वॅट गुणिले दहा तास म्हणजे ३,३००, वाया जाणारी धरून जवळपास ३,९०० वॅट-अवर. एवढा डबा घ्यायचा तर पैसे लाखांत, आणि वजन एवढं की एकट्याला उचलवणार नाही. यादीने आम्हाला हेच शिकवलं, की हे काम डब्याचं नाही. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की घरात एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर ठेवा. बी टाइपचा सिलिंडर साधारण दीड हजार लिटरचा असतो. फुफीला मिनिटाला दोन लिटर लागतं, म्हणजे बारा तासांहून थोडा जास्त पुरतो. त्याला वीज लागत नाही, पट्टी वाचावी लागत नाही. ज्या गोष्टीवर श्वास अवलंबून आहे, तिच्यासाठी बॅटरीवर विसंबू नका. सिलिंडर चुलीपासून लांब, उभा बांधून ठेवा, आणि तो भरलेला आहे का हे दर महिन्याला बघा.

इन्सुलिनचंही तसंच. आमच्या मोहल्ल्यात कित्येक जण केवळ इन्सुलिनसाठी फ्रिज चालला पाहिजे म्हणून मोठा डबा शोधतात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं हे खरं. पण वापरात असलेली बाटली किंवा पेन ऊन न लागता, फार गरम नसलेल्या जागी बहुतेक वेळा चार आठवडे टिकतं. नेमकं किती, ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. वीज गेल्यावर फ्रिज सारखा उघडला नाही तर चारेक तास आतला गारवा राहतो. त्यापुढे ओल्या माठाचा आधार घेता येतो. आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. एका प्रश्नात तुमचा निम्मा खर्च वाचू शकतो.

जुलैतला सूर्य

'सोलर आहे, मग काय चिंता' असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते. मग गच्चीवर बसून मोजलं. आमच्या २०० वॅटच्या घडीच्या पॅनेलने एप्रिलच्या भर दुपारी १४० वॅटच्या आसपास दिले. पाट्यावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या उन्हाचा असतो, त्यामुळे सत्तर टक्के मिळाले तरी चांगलं. चांगल्या उन्हाच्या दिवसभरात असं पॅनेल ६०० वॅट-अवर भरतं. पण जुलैच्या संततधारेत तेच पॅनेल मला वीस वॅटसुद्धा देईना.

आपल्याकडे वीज कधी जाते? वादळात आणि पावसात. म्हणजे पॅनेल सगळ्यात कमी देणार, नेमकं तेव्हा. पॅनेल घेऊ नका असं मी म्हणत नाही. वादळ गेल्यावर आकाश उघडतं आणि खांब उभे राहायला दहा दिवस लागतात, त्या दहा दिवसांत पॅनेलच कामी येतं. पण पहिल्या दोन-तीन रात्री डब्यात आधी भरून ठेवलेली वीजच तारणार. म्हणून हवामान खात्याचा इशारा आला की भिंतीतल्या सॉकेटवर डबा पूर्ण भरून घ्यायचा. एरवी तो साठ ते ऐंशी टक्क्यांवर ठेवायचा आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा वापरून पुन्हा भरायचा. वर्षभर रिकामा पडलेला डबा जूनमध्ये उघडाल तर तो उठणारही नाही.

आमच्या वाडीत शिकलेल्या आणखी काही गोष्टी. पॅनेलवर नारळाच्या एका झावळीची सावली पडली तरी वीज भसकन खाली येते. सावली जितकी, तितकंच नुकसान, असं नसतं. डबा पॅनेलच्या शेजारी उन्हात ठेवू नका, लांब वायर घ्या आणि तो सावलीत ठेवा. तापलेल्या पत्र्याखाली बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि फार तापली तर भरायचीच थांबते. पॅनेल शिंतोडे सोसतं, डबा सहसा सोसत नाही. काही न लावता एसीचं बटण चालू ठेवलं तरी डबा स्वतःच वीज खात राहतो. फोन चार्जिंगला यूएसबीची भोकं वापरा.

आणि एक धोक्याची गोष्ट. गच्चीवरच्या मोठ्या पॅनेलची वायर छोट्या डब्याला जोडण्याचा जुगाड करू नका. मोठं पॅनेल उघड्यावर ५० व्होल्टच्या आसपास देतं आणि कितीतरी छोटे डबे ३० व्होल्टच्या आतलेच सोसतात. डब्याच्या पुस्तिकेत सोलर इनपुटचा व्होल्ट दिलेला असतो, पॅनेलच्या मागे त्याचा. पुन्हा तेच, दोन पट्ट्या शेजारी ठेवून वाचायच्या.

खाडीतून आणू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. "आपा, तिकडे स्वस्त मिळतो, येताना घेऊन येऊ का?" नको. विमानात प्रवाशाबरोबर १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, १०० ते १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते, त्याच्या वरची ना हातातल्या बॅगेत चालत ना चेक-इनमध्ये. कामाचा कुठलाही डबा १६० च्या वरच असतो. विमानतळावर तो काढून घेतील आणि पैसे वाया जातील. समुद्रमार्गे पाठवायचा तर लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते, त्याचे नियम वेगळे.

शिवाय यूएई, कुवेत, कतारची वीज आपल्यासारखी ५० हर्ट्झची असली, तरी सौदीची ६० हर्ट्झची आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेला डबा ११०-१२० व्होल्ट देतो, आपल्या उपकरणांच्या कामाचा नाही. आणि बिघडला तर तिकडची वॉरंटी इकडे चालत नाही. भाईजानना सांगा, डबा नको, पैसे पाठवा. इथल्या बिलावर, बीआयएसची खूण बघून, दुरुस्तीचं केंद्र जिल्ह्यात किंवा निदान मुंबई-पुण्यात आहे ना हे विचारून घ्या.

आतली बॅटरी कुठली हेही विचारा. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला एलएफपी म्हणतात, ती थोडी जड असते, पण आगीचा धोका कमी आणि आयुष्य मोठं. साधारण ३,००० वेळा भरली-रिकामी केली तरी ८० टक्के क्षमता राहते असं कंपन्या सांगतात. जुन्या धाटणीची निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी ५०० ते १,००० वेळांतच तिथे येते.

साधा इन्व्हर्टर वाईट नाही

ज्यांचं घर उंचावर आहे, पाणी येत नाही, आणि वीज रोज थोडी थोडी जाते, त्यांना मी डबा सुचवत नाही. गावातल्या दुकानातला इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी तुम्हाला कितीतरी स्वस्तात पडेल. १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-अवर. ती दीर्घकाळ टिकवायची तर निम्मीच वापरा, तरी ९०० हाताशी राहतात. बिघडली तर गावातला मेकॅनिक दुरुस्त करतो. तिच्यात पाणी घालावं लागतं, हवेशीर जागा लागते, आणि वजन पन्नास किलोच्या वर. जिथे पुराचं पाणी येतं, म्हातारं माणूस आणि वीज दोन्ही माडीवर न्यायचं असतं, तिथे मुठीचा डबा कामाचा.

आणि छपरावर सबसिडीचं सोलर बसवलेल्यांसाठी एक इशारा. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, बिल कमी होतं, जरूर घ्या. पण बॅटरी नसलेली ही ऑन-ग्रिड यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद होते, भर उन्हात सुद्धा. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, कारण तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. म्हणूनच डब्याला दोन्ही बाजूंनी पिन असलेली वायर लावून घराच्या सॉकेटमध्ये वीज सोडण्याचा प्रकार कधीही करू नका. यूट्यूबवर कुणी शिकवत असेल तरी नको. वायरमन कुणाचा तरी बाप असतो.

जमातीच्या डेगांसारखा

माझं खरं म्हणणं इथे येतं. आमच्या मोहल्ल्यात आम्ही काही मुली यादीची वही घेऊन घरोघरी गेलो, शेजारच्या वाड्यांतही गेलो. नेब्युलायझर असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. इन्सुलिनवाली त्याहून जास्त. बाकी बहुतेक घरांची गरज काय होती? दोन दिवे आणि फोन. त्याला चार्जिंगचे एलईडी दिवे आणि एक चांगली पॉवर बँक पुरते. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॅट-अवर असतात. त्यासाठी घरटी तीस-चाळीस हजारांचा डबा कशाला?

ज्यांच्या घरी डबा लागतोच, ती घरं बहुतेक वेळा तो घेऊ न शकणारी असतात. आणि ज्यांच्याकडे पैसा येतो, त्यांच्या घरचा डबा कपाटावर झोपलेला असतो. प्रत्येक घराने आपला अंधार आपण विकत घेऊन घालवायचा, यात गाव कुठे उरलं?

म्हणून मी म्हणते, घरटी पॉवर बँक आणि गावाला सामाईक दोन मोठे डबे. वीज गेली की पहिला हक्क नेब्युलायझरचा, मग बाळंतिणीचा आणि तान्ह्या मुलाच्या खोलीतल्या पंख्याचा, मग फोनचा. लग्नाच्या मंडपातल्या लायटिंगचा कधीच नाही.

"सामाईक वस्तू म्हणजे कुणाचीच नाही, दोन महिन्यांत मोडेल," असं मला ऐकवलं गेलं. मी विचारलं, जमातीच्या डेगा मोडल्या का? आजोबांच्या वेळच्या डेगा आहेत. लग्नाला, मयतीला, नियाजला त्या जातात, वहीत नोंद होते, घासून परत येतात. कफगीर हरवला तर भरून द्यावा लागतो. ज्या गावाला शंभर वर्षं डेगा सांभाळता येतात, त्याला एक डबा सांभाळता येणार नाही?

एक मात्र अट. डबा अशा जागी ठेवा जिथे सगळ्यांना जाता येईल. २०२० मध्ये आमच्या मशिदीचा जनरेटर संध्याकाळी तासभर चालायचा आणि ओसरीवर साऱ्या वाड्यांचे फोन चार्ज व्हायचे. फोनवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या. चांगली गोष्ट होती. पण बायका तिथे येऊ शकत नव्हत्या, आणि ज्या घरात पोरगा नाही त्या घरचा फोन बंदच राहायचा. म्हणून शाळा घ्या, समाजमंदिर घ्या, आरोग्य उपकेंद्राची ओसरी घ्या. किल्ली दोघांकडे, त्यातली एक बाई. मोहल्ल्यासोबत कोळीवाडा, बौद्धवाडी, कुणबीवाडी, सगळ्यांची नावं वहीत. वादळाने घर बघून पत्रे उडवले नव्हते.

हा प्रस्ताव लिहून मी अब्बांच्या हाती जमातीच्या बैठकीत पाठवला, कारण मला तिथे बसता येत नाही. निर्णय अजून झालेला नाही. तरण्या पोरांनी बाजू घेतली, एवढं कळलं. तुम्ही तुमच्या गावात हा विषय काढलात, मुंबईच्या जमातीला किंवा खाडीतल्या गाववाल्यांच्या ग्रुपला ही यादी दाखवलीत, तर आमच्या गावालाही जोर येईल.

तक्रार सोडू नका

शेवटी एक भीती. घरात डबा आला की वीज कंपनीला फोन करणं बंद होतं. ज्याच्याकडे आवाज आहे, पैसा आहे, तोच गप्प बसतो आणि अंधार गरिबाच्या वाट्याला राहतो. केंद्राने २०२० च्या अखेरीस वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम आणले. सेवेची मानकं मोडली तर भरपाईची तरतूद त्यात आहे. चक्रीवादळासारख्या आपत्तीत ती मानकं लागू होत नाहीत, पण एरवी आठवड्यातून चार वेळा जाणारी वीज ही काही आपत्ती नव्हे. तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या, तारीख-वेळ वहीत टाका. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. दहा घरांच्या नोंदी असलेली एक वही शंभर व्हॉट्सॲप मेसेजपेक्षा जड असते.

आमच्या घरी आता तोच ३०० वॅटचा डबा आहे. दुसरा घेतला नाही. त्यावर नेब्युलायझर, दिवे आणि फोन नीट चालतात. नवा पंखा तीनेक तास चालतो, मग फुफी हातपंखा घेते. कोपऱ्यात सिलिंडर बांधून उभा आहे. डब्याच्या वर एक कागद चिकटवलाय. त्यावर काय लावायचं, काय लावायचं नाही, किती वेळ, हे अम्माने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. पहिलं नाव फुफीचं आहे.

आज रात्री घरच्यांना घेऊन बसा आणि तुमचा कागद लिहा. डबा नंतर बघू.